आचाराची मोजदाद

वाशीम जिल्ह्यातील कारंजे लाड हे जुने कसबे भट्टारकांच्या गाद्या, हस्तलिखितांची भांडारे आणि कापसाची पेठ यांमुळे वऱ्हाडात नावाजलेले असले, तरी दत्तसंप्रदायाला ते वंदनीय आहे ते नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून. शके १३०० च्या सुमारास माधव आणि अंबा या दांपत्याच्या पोटी आलेले हे बालक, सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्रात वर्णिल्याप्रमाणे, जन्मतःच ॐकार उच्चारते झाले. परंतु मौंजीबंधनापर्यंत त्या एका अक्षरावाचून दुसरा शब्द त्याच्या मुखातून निघाला नाही. आईबाप व्याकुळ झाले, नवससायास झाले, नाना उपाय झाले. शेवटी मुलाने खुणांनीच मुंज करण्याविषयी सुचविले, तेव्हा मुक्याला गायत्री कोण शिकविणार, द्रव्य मात्र व्यर्थ जाणार आणि आपल्याला मिष्टान्न व दक्षिणा मिळणार, अशी कुजबुज गावकऱ्यांत झाली. मातापित्यांनी तिकडे लक्ष न देता यथासांग मुंज केली, आणि मातेच्या भिक्षेबरोबर बटूच्या मुखातून वेद प्रकट झाले.

अवतारपुरुषाच्या चरित्राला अर्वाचीन रोगनाम चिकटविण्याने ना भक्तीचे समाधान होते, ना वैद्यकाचे. तो उद्योग येथे कर्तव्य नाही. तथापि न बोलणाऱ्या मुलाविषयी जुन्या कसब्यात काय बोलले जाई, कोणते उपाय होत आणि उपहास झेलून आईबाप काय करीत, याचे असे चित्र या मुलखाविषयीच्या जुन्या वाङ्मयात विरळाच सापडेल. ज्या मुलांना आज आपण स्वमग्न म्हणतो, त्यांच्या घरांत ही सारी दृश्ये अद्याप घडतात. शेवटचा चमत्कार तेवढा घडत नाही.

गुरुचरित्रातच पुढे ब्राह्मणाच्या आन्हिकाचे सविस्तर विवेचन आहे, आणि त्यामागे स्मृतींची परंपरा उभी आहे. मनुस्मृतीने शौचानंतर डाव्या हातास मृत्तिकेचे दहा लेप व पुढे दोन्ही हातांस सात लेप सांगितले. ब्रह्मचाऱ्यास त्याची दुप्पट, वानप्रस्थास तिप्पट, यतीस चौपट. घरोघरी सोवळ्याची धाबळी उंच वलणीवर काठीनेच चढवावी, काठीनेच उतरवावी आणि चुकून कोणाचा स्पर्श झाला की पुन्हा स्नान करावे, हा क्रम या आचाराचाच विस्तार होता. ज्याच्या मनाला मंत्रचळाने ग्रासले आहे, ज्याला हात धुतल्यावरही ते धुतल्याची खात्री पटत नाही, अशा माणसाला या वातावरणात कोणी रोगी म्हटले नसावे. उलट ‘सोवळ्याचा कडक’ असा त्याचा लौकिकच झाला असावा, आणि विहिरीवर तो घागरीमागून घागर अंगावर ओतून घेत असताना त्याच्या पोटात कालवणारी भीती कोणास दिसली नसावी.

परंतु स्मृतिकारांनी आचाराला जशी संख्या दिली तशीच सवलतही दिली, हे विसरता कामा नये. दिवसा जितके शौच विहित त्याच्या निम्मे रात्री, त्याच्या निम्मे आजाऱ्यास, आणि त्याच्याही निम्मे वाटसरूस. सात लेप झाले की आचार संपतो आणि कर्ता निःशंक होऊन पुढच्या कामाला लागतो. मंत्रचळात सातानंतर आठवा येतो, आठव्यानंतर संशय येतो, आणि संशयाबरोबर पुन्हा पहिला. आचार आणि व्याधी यांची सीमा या ठिकाणी आहे.

अशा मुलांच्या आणि माणसांच्या प्रश्नाला इंग्रजी अमलाने दफ्तरी रूप दिले. १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभारात आले; पुढे वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९०५ मध्ये तो मोडण्यात येऊन वाशीम अकोल्यात गेले. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या खानेसुमारीत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी यांची गणती होई. न बोलणारे स्वमग्न मूल बहुधा मुक्यांत किंवा वेड्यांत रुजू झाले असेल. मंत्रचळाने झिजणारा माणूस मात्र शेती, देणेघेणे आणि लग्नकार्य सांभाळीत असल्याने कोणत्याच सदरात बसला नसेल. १८६४ चे वेड्यांचे इस्पितळ दूर नागपुरास होते, आणि आवरता न येणाऱ्या माणसाखेरीज तेथे कोणी कोणास सहसा नेत नसे.

१९४३ मध्ये बाल्टिमोर येथील बालमनोवैद्य लिओ कॅनर यांनी अकरा स्वमग्न मुलांचे वर्णन करताना सर्व काही जसेच्या तसे राहावे, या त्यांच्या चिंताग्रस्त आग्रहावर बोट ठेवले; १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी मंत्रचळावर, धुण्याची ऊर्मी दाबून भीती आपोआप ओसरेपर्यंत रुग्णास थांबविण्याचा उपचार मांडला. स्वमग्न मुलांत सुमारे १७ टक्क्यांना मंत्रचळही असतो, असे २०११ मधील एका संकलित अभ्यासात आढळले, आणि अशा माणसाची अडचण दुहेरी असते. ताट नेहमीच्याच जागी, भाकरी भाजीपासून वेगळी, संध्याकाळचा दिवा ठरल्या वेळी, हा क्रम त्याला सुख देतो. कडी सोळा वेळा तपासल्याशिवाय आईला अपघात होईल, हा विचार त्याला छळतो. बाहेरून दोन्ही हट्टच दिसतात, आणि आपल्या मनातली भीती शब्दांत मांडणे ज्याला मुळातच कठीण, त्याच्यावर हा भेद इतरांना समजावून सांगण्याचा बोजा पडतो.

वाशीम १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाला आणि २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने स्वमग्नतेला व मानसिक आजाराला निरनिराळी नोंद दिली. दफ्तरात दोन रकाने झाले, हे इष्टच. परंतु ज्याचे नाव दोन्हींत पडते, त्याच्या घरच्यांनी आणि वैद्यांनी ताटाची जागा मोडण्याचा उपचार करू नये आणि कडीची भीती स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. क्रम राखावा आणि भीतीवर इलाज करावा. आजाऱ्याचा आचार हलका करणाऱ्या स्मृतिकारांना माणसाच्या शक्तीचे जेवढे भान होते, तेवढे आपल्याला असले, तरी आरंभापुरते ते पुरे आहे.