ताशी चार मैलांचे जलद गलबत

चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराजांच्या आरमाराचा उल्लेख येतो, आणि गुराब, गलबत ही नावे सहसा एका दमात उरकली जातात. आमच्या दरेकसा परिसरातील मुलांना तर समुद्र लोहमार्गाने हजारेक किलोमीटर दूर. गलबत म्हणजे जुन्या काळचे एक मोठे जहाज, एवढेच त्यांच्या मनात राहते. प्रत्यक्षात गलबत मोठे नव्हते. गस्त घालण्याचे, पाठलाग करण्याचे, वेढ्यातून रसद पोचवण्याचे ते लहान, जलद तारू होते. मराठ्यांचे लहानसे आरमार पोर्तुगीज व इंग्रज जहाजांपुढे इतकी वर्षे टिकले, त्यात गलबताचा वाटा फार मोठा आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने १७६३ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात आंग्र्यांच्या गलबतांचे वर्णन केले आहे. मोठ्यात मोठे गलबत क्वचितच सत्तर टनांहून अधिक असे. डोलकाठ्या दोन, पैकी मागची अगदीच बारीक. मुख्य काठीला एकच, पण भले मोठे त्रिकोणी शीड. शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. मोठ्या गलबतांना फळ्यांची पक्की पाटणी व तिच्यावर सहा-आठ तोफा. बाकीच्यांवर चिरलेल्या बांबूचे हलके आच्छादन आणि कठड्यावर खुंटीत फिरणाऱ्या छोट्या तोफा. बांबूचे नाव निघताच आमच्या मुलांचे कान टवकारतात, कारण ही वस्तू त्यांच्या घरची. बांबूच का, हे परातीतल्या पाण्यात खेळण्यातली होडी सोडून सहज दाखवता येते: तोच दगड होडीच्या तळाशी ठेवा आणि मग वर आडव्या पट्टीवर ठेवा. वर वजन गेले की होडी कलंडते.

आता वेग. ऑर्म सांगतो, वल्ह्यांवर हे गलबत ताशी चार मैल जाई. म्हणजे साडेसहा किलोमीटर. भरभर चालणारा माणूस साधारण तेवढाच जातो. मग याला जलद का म्हणावे? हा प्रश्न वर्गात जरूर टाकून पाहावा.

उत्तर वाऱ्यात आहे. पावसाळा सरल्यावर कोकण किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री व पहाटे जमिनीकडून मतलई वारे. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, पाणी दोन्ही सावकाश करते, हे भूगोलात झालेलेच असते. पण एक वारा सरून दुसरा उभा राहीपर्यंत मधे काही वेळ हवा पडलेली असते. पुस्तकातल्या बाणांच्या आकृतीत ही वेळ दिसत नाही. अशा वेळी अवजड शिडाचे जहाज जागच्या जागी डोलत राहते, त्याला तोंडही फिरवता येत नाही. शून्यापुढे चार मैल पुष्कळ झाले.

आंग्र्यांची लढाईची रीत याच हिशेबावर उभी होती. हवा पडली की गलबते आपल्या मोठ्या गुराबांना दोर लावून ओढत नेत, तीही शत्रूच्या पिछाडीला, जेथे त्याच्या तोफा कमी. तेथून डोलकाठ्या व दोर यांवर मारा करायचा. जहाज लंगडे झाले की माणसांनी भरलेली गलबते चहूबाजूंनी भिडत.

दुसरा गुण म्हणजे तळ पाण्यात फारसा खोल न जाणे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या दक्षिणेस असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी बेटाची कोंडी करायचे ठरवले. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांनी 'डव्ह' ही त्यांची गुराब पकडली. मात्र 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजाच्या तोफांपुढे गलबते टिकली नाहीत, मागे फिरून उथळ पाण्याकडे गेली. हेही मुलांना सांगावे. समोरासमोर ती दुबळीच होती. पण रात्री किनाऱ्याच्या कडेकडेने बेटावर माणसे, दाणागोटा जातच राहिला, आणि १६८० च्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडला.

कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांना कंपनीची कागदपत्रे चाचे म्हणतात. दस्तक न घेणारे जहाज ते पकडत, हे खरे. पोर्तुगीजही याच समुद्रात परवाने विकत आणि विनापरवाना जहाजे पकडत. त्यांना मात्र कोणी चाचे म्हटले नाही. १७१५ नंतर मुंबईचा गव्हर्नर बून याने कंपनीचे आरमार वाढवले, त्यात गलबतेही होती. शत्रूच्या बोटीची नक्कल करणे ही पावतीच म्हणायची. तरीही १७१८ साली विजयदुर्ग व खांदेरी, आणि १७२१ साली पोर्तुगिजांच्या साथीने कुलाबा, हे तिन्ही हल्ले फसले.

शेवट झाला तो उघड्या समुद्रावर नव्हे. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचे बिनसले आणि पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. पाठ्यपुस्तके येथे घाईत पुढे जातात. आम्हाला वाटते, येथेच थांबावे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनच्या जहाजांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज होती, आणि बोलणी करायला गेलेले तुळाजी तिच्या ताब्यात होते. आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून ठेवलेले. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या 'रिस्टोरेशन' या जहाजावर एक गोळा पडून आग लागली आणि ती या तारवावरून त्या तारवावर पसरत गेली. वल्ही होती, पाणीही उथळ होते. पण दोर सोडून निघायला वेळ मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीला, किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.