तपकिरी आणि पांढरा तांदूळ

तपकिरी तांदूळ आणि पांढरा तांदूळ या भाताच्या दोन स्वतंत्र जाती नसून एकाच दाण्यावरील प्रक्रियेच्या दोन अवस्था आहेत. भाताच्या (ओरायझा सटायव्हा) दाण्यावरील केवळ तूस काढले असता तपकिरी तांदूळ मिळतो. त्यावरील कोंड्याचा थर व अंकुरही घासून काढल्यास पांढरा, म्हणजेच पॉलिश केलेला तांदूळ तयार होतो. तपकिरी तांदळात तंतू, जीवनसत्त्वे व खनिजे अधिक असतात याविषयी मतभेद नाही. मात्र भातावर जगणाऱ्या आशियाई समाजांत कोणता तांदूळ आरोग्याला अधिक हितकर, याचे उत्तर तो किती खाल्ला जातो व ताटात त्याच्यासोबत काय असते, यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते.

दाणा आणि गिरणी

भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तुसाचा व सुमारे आठ ते दहा टक्के भाग कोंड्याचा असतो. उखळात मुसळाने सडलेल्या तांदळावर कोंड्याचा काही भाग शिल्लक राहतो. म्हणून हातसडीचा तांदूळ हा पूर्ण तपकिरीही नसतो व पूर्ण पांढराही नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आशियात पसरल्या आणि शुभ्र तांदूळ स्वस्त झाला. तो लवकर शिजतो, मऊ लागतो आणि जास्त काळ टिकतो. कोंड्यातील तेल हवेच्या संपर्काने खवट होते, त्यामुळे तपकिरी तांदूळ उष्ण हवेत काही महिन्यांतच वास मारू लागतो. पांढऱ्या तांदळाच्या लोकप्रियतेमागे प्रतिष्ठेइतकेच हे व्यावहारिक कारणही आहे.

लाल तांदळाचा रंगही कोंड्यातच असतो. तो पूर्ण पॉलिश केल्यास इतर तांदळासारखाच पांढरा होतो.

बेरीबेरी

या वादाचा आरंभ मधुमेहापासून झाला नाही, तर बेरीबेरी या रोगापासून झाला. पायांत मुंग्या येणे, स्नायू दुर्बळ होणे, अंगावर सूज येणे आणि अखेर हृदय निकामी होणे ही त्याची लक्षणे होत. जपानमध्ये पांढरा तांदूळ परवडणाऱ्या एदो शहरातील रहिवाशांना तो होई, म्हणून त्याला ‘एदोचा आजार’ म्हटले जात असे.

जपानी नौदलातील वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी हा रोग आहाराशी जोडला. १८८२-८३ मध्ये ‘र्‍युजो’ या प्रशिक्षण जहाजावरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला व २५ जण दगावले. १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ हे जहाज सुधारित आहार घेऊन निघाले. त्यावर मोजकेच रुग्ण आढळले आणि या रोगाने कोणाचाही मृत्यू झाला नाही. ताकाकी यांना हा प्रथिनांचा प्रश्न वाटत होता. कारणाचा अंदाज चुकला तरी उपाय बरोबर ठरला. लष्कराने मात्र रोग जंतूंमुळे होतो हे मत सोडले नाही. रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) सुमारे अडीच लाख जपानी सैनिक बेरीबेरीने आजारी पडले आणि सुमारे २७ हजार मरण पावले, असे सांगितले जाते. लष्करी वैद्यकीय वर्तुळातील या मताचे एक प्रमुख समर्थक मोरी ओगाई हे होते. ते जपानी साहित्यातील मोठे लेखकही होत.

याच सुमारास डच ईस्ट इंडीजमधील बटाव्हिया (आजचे जाकार्ता) येथे ख्रिस्तियान आइकमान यांना पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांमध्ये तशीच लक्षणे दिसली आणि कोंडा दिल्यावर ती नाहीशी झाली. अडॉल्फ व्हॉर्डरमन यांनी जावातील सुमारे शंभर तुरुंगांची पाहणी केली. पॉलिश केलेला तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत रोग कितीतरी अधिक असल्याचे तीत दिसले. कोंड्यात एक आवश्यक पोषक घटक आहे, त्याचा अभाव हाच रोग, हे स्पष्टीकरण १९०१ मध्ये गेरिट ग्रिन्स यांनी दिले. हा घटक म्हणजे थायमिन (जीवनसत्त्व ब-१). १९२६ मध्ये तो शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला. आइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्यासह मिळाले.

साध्या हिशेबानेही हे पटते. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे १.२ मिलिग्रॅम थायमिन लागते. १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात ते ०.०५ ते ०.०७ मिलिग्रॅम, तर तपकिरी तांदळात ०.३ ते ०.४ मिलिग्रॅम असते. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ व त्यासोबत जवळजवळ काहीच नाही, असा आहार असेल तर पहिल्या तांदळाने गरजेचा चौथा हिस्साही भागत नाही. दुसऱ्याने ती बहुतांशी भागते. डाळी, शेंगदाणे किंवा मांस नियमित असल्यास हा फरक फारसा उरत नाही.

उकडा तांदूळ

या चर्चेत अनेकदा विसरला जाणारा तिसरा प्रकार म्हणजे उकडा तांदूळ. भात तुसासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडले जाते. या प्रक्रियेत कोंड्यातील थायमिनचा काही भाग दाण्याच्या आत शिरतो आणि पुढे पॉलिश केल्यावरही टिकून राहतो. १९०५ मध्ये विल्यम फ्लेचर यांनी क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात एका गटाला सयामी पांढरा तांदूळ आणि दुसऱ्याला भारतीय उकडा तांदूळ दिला. पहिल्या गटात बेरीबेरी पसरला व मृत्यूही झाले. दुसरा गट जवळजवळ सुरक्षित राहिला. आजच्या नैतिक कसोट्यांवर असा प्रयोग मान्य होणार नाही. भारतातही आंध्रच्या उत्तर किनारपट्टीवर, जिथे कच्चा पॉलिश तांदूळ खाल्ला जाई, तिथे बेरीबेरी आढळत असे. उकडा तांदूळ खाणाऱ्या प्रदेशांत तो विरळ होता.

कोकण व गोव्यात पेजेसाठी उकडा तांदूळच वापरला जातो. भाताचे जादा पाणी निथळून टाकल्यास त्यासोबत थायमिनही जाते, कारण ते पाण्यात विरघळते. पेज पाण्यासकट प्यायली जात असल्याने हे नुकसान टळते.

मधुमेह

थायमिनचा प्रश्न मागे पडल्यावर पांढऱ्या तांदळाविषयीची चिंता रक्तशर्करेकडे वळली. भारतात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासात मांडण्यात आला.

२०१२ मधील एका एकत्रित विश्लेषणात, अधिक पांढरा तांदूळ खाणाऱ्या आशियाई लोकांत टाइप २ मधुमेहाचा धोका कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ५५ टक्क्यांनी अधिक दिसला. पाश्चात्त्य देशांत हा फरक १२ टक्के होता. २१ देशांतील १ लाख ३२ हजारांहून अधिक लोकांचा ‘प्युअर’ अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला ४५० ग्रॅम किंवा अधिक शिजवलेला पांढरा भात खाणाऱ्यांची तुलना १५० ग्रॅमपेक्षा कमी खाणाऱ्यांशी केली होती. दक्षिण आशियात धोका ६१ टक्क्यांनी अधिक होता, तर चीनमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. भात दोन्हीकडे पांढराच, पण परिणाम वेगळा, हे या अभ्यासातील सर्वांत विचारप्रवर्तक निरीक्षण म्हणावे लागेल. असे अभ्यास संबंध दाखवतात, कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत.

नियंत्रित चाचण्यांचे निष्कर्ष अधिक संमिश्र आहेत. चेन्नईत १५ जादा वजनाच्या व्यक्तींवर झालेल्या छोट्या चाचणीत (२०१४) तपकिरी तांदळाने चोवीस तासांतील रक्तशर्करेचा प्रतिसाद सुमारे २० टक्क्यांनी कमी झाला. सोबत कडधान्ये दिल्यावर तो आणखी थोडा उतरला. याउलट शांघायमधील २०२ जणांच्या १६ आठवड्यांच्या चाचणीत (२०११) मोठा लाभ दिसला नाही. चेन्नईतीलच नंतरच्या मोठ्या चाचणीत (२०१९) सर्व सहभागींचा एकत्र विचार करता फरक नगण्य होता, परंतु चयापचय विकाराची लक्षणे असलेल्यांमध्ये दीर्घकालीन रक्तशर्करेचे मान सुधारले.

तांदळाची जातही महत्त्वाची ठरते. अमायलोज या स्टार्चचे प्रमाण अधिक असलेला मोकळा भात, उदाहरणार्थ बासमती, चिकट भातापेक्षा सावकाश पचतो. त्यामुळे चिकट जातीचा तपकिरी तांदूळ मोकळ्या पांढऱ्या तांदळापेक्षा नेहमीच चांगला ठरेल असे नाही. दोन्हींची ऊर्जा जवळपास सारखीच असल्याने केवळ रंग बदलून वजन कमी होत नाही.

तपकिरी तांदळाच्या मर्यादा

आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य कोंड्यात साठते. म्हणून आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांत अकार्बनी आर्सेनिकची मर्यादा पॉलिश तांदळासाठी किलोला ०.२ मिलिग्रॅम, तर तपकिरी तांदळासाठी ०.३५ मिलिग्रॅम आहे. बांगलादेश व पश्चिम बंगालमध्ये, जिथे भूजलातच आर्सेनिक आहे, हा प्रश्न गंभीर आहे. भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी टाकल्यास आर्सेनिक बरेच कमी होते. अर्थात जीवनसत्त्वेही त्याच पाण्याबरोबर जातात. कोंड्यातील फायटिक आम्ल लोह व जस्ताच्या शोषणात अडथळा आणते, त्यामुळे अंगावरील आकड्यांइतकी खनिजे शरीराला प्रत्यक्षात मिळत नाहीत.

भारतातील प्रयत्न

डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या व वर्धा येथे केंद्र असलेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा प्रचार केला. महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून पॉलिश तांदळाविरुद्ध लिहिले. त्यामागे पोषणासोबतच गावातील सडणाऱ्या-कांडणाऱ्या स्त्रियांचा रोजगार टिकावा हा हेतू होता. गिरण्यांच्या प्रसारापुढे ही चळवळ टिकली नाही.

अलीकडे सरकारी धोरणाने वेगळी वाट निवडली आहे. शिधावाटप व शालेय पोषण आहारासारख्या योजनांतून २०२४ पर्यंत पोषणवर्धित तांदूळ देण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी करण्यात आली. पांढऱ्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल व जीवनसत्त्व ब-१२ असलेले कृत्रिम दाणे साधारण शंभरास एक या प्रमाणात मिसळले जातात. सडताना गेलेले तंतू या पद्धतीने परत मिळत नाहीत.