तळेगावची भट्टी आणि लॅपटॉपवरचा ठिपका

१/
नवा लॅपटॉप खोक्यातून बाहेर काढावा, पडदा प्रथमच उजळावा आणि काळ्या पार्श्वभूमीवर एक हिरवा ठिपका स्थिर चमकताना दिसावा, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. तक्रार केली की उत्तर मिळते, 'एवढे चालते.' हे 'एवढे' म्हणजे किती? ते कोण ठरवते? या प्रश्नांची एक जुनी वाट मावळात जाते. तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये पेटलेल्या एका काचभट्टीपाशी. #थ्रेड

२/
प्रथम दोषांची ओळख करून घेऊ. कायम काळा राहणारा बिंदू म्हणजे मृत पिक्सेल. एकाच रंगात अडकून राहिलेला, तो अडकलेला पिक्सेल. अंधारात पडद्याच्या कडांतून पाझरणारा पांढुरका उजेड, ही मागच्या दिव्याची गळती. करड्या पार्श्वभूमीवर ढगांसारखे दिसणारे फिके-गडद पट्टे, ही उजेडाची असमानता. झाकण दाबले जाऊन कळफलकाचे पडद्यावर उमटलेले ठसे हा आणखी एक प्रकार. त्यांतले काही पुसले जातात, काही जात नाहीत.

३/
आता आकडे पाहू. १९२० × १०८० मापाच्या साध्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपबिंदू. म्हणजे ६२ लाखांहून अधिक सूक्ष्म झडपा, आणि त्या प्रत्येकीने आयुष्यभर बिनचूक उघडझाप करायची. यांतली एकही बिघडू नये ही अपेक्षा रास्त आहे, पण ती स्वस्तात पुरी होणारी नाही.

४/
म्हणून २००१ च्या 'आयएसओ १३४०६-२' या आंतरराष्ट्रीय मानकाने दोषांची वर्गवारी केली. त्यातील दुसऱ्या वर्गाच्या पडद्याला दर दहा लाख पिक्सेलमागे २ कायम उजळ, २ कायम काळे आणि ५ सदोष उपबिंदू यांची मुभा होती. पुढे हे मानक बदलून 'आयएसओ ९२४१' मालिकेत सामावले गेले. दुकानदाराचे 'एवढे चालते' हे अशा एखाद्या तक्त्याचे बोलीभाषेतील रूप असते. दोष किती सोसायचा, हा निर्माता आणि ग्राहक यांच्यातील करार आहे.

५/
असाच एक करार महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी केला होता. तोही काचेबाबतच. मात्र तेथे ग्राहकच भांडवलदार होता, आणि त्याचे भांडवल होते एक पैसा.

६/
अंताजी दामोदर काळे या गृहस्थांची कल्पना अगदी साधी होती. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभे राहावेत. त्या काळी रुपयाचे ६४ पैसे होत. हिशोब करून पाहा: एक लाख माणसांनी पैसा दिला, तर जमतात १,५६२ रुपये ८ आणे. भट्टी उभारायची तर किती दारे ठोठवावी लागतील, याचा अंदाज यावरून यावा. लोकमान्य टिळकांनी या 'पैसा फंडा'ला पाठबळ दिले आणि ही कल्पना चळवळ झाली.

७/
या फंडातून तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला, १९०८ साली. वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. १९१४ मध्ये ते परतेपर्यंतची वर्षे कारखान्याने आपल्या मोठ्या पाठीराख्याविना काढली.

८/
तळेगाव म्हणजे सेनापती दाभाडे घराण्याचे गाव. पुणे-खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, तो याच गावावरून. आज लोणावळ्याकडे जाणारे प्रवासी हे स्थानक खिडकीतून मागे टाकतात. काचेच्या धंद्याला मात्र रूळ जवळ असणे मोलाचे असते, कारण कोळसा येताना जड असतो आणि काच जाताना नाजूक.

९/
त्या काळच्या घरात काच कोठे दिसे? दिव्यावर, बाटलीत, बांगडीत. यांतला पुष्कळ माल ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम अशा देशांतून येई. रात्रीचे वाचन रॉकेलच्या दिव्यावर चाले आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत उजेड पोहोचे तो दिव्याच्या काचेतून. आज आपण उजळ काचेकडे पाहून वाचतो. म्हणूनच काचेतील डाग तेव्हाही लगेच डोळ्यांत भरे.

१०/
कारखान्याची तांत्रिक धुरा आली ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे. उत्तर भारतातील हा तरुण काचविद्या शिकण्यासाठी जपानला गेला आणि तेथून पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये. पुण्याला ही संस्था अनोळखी नव्हती; पुण्याचेच केशव मल्हार भट १८८२ मध्ये तेथे दाखल झाले होते. भांडवल पैशापैशाने जमवता येते, ज्ञान मात्र असे जमत नाही. ते कोणीतरी समुद्र ओलांडून आणावे लागते.

११/
काच बनते वाळू, सोडा आणि चुना यांच्या मिश्रणातून. कृती एका ओळीत सांगता येते; चुका मात्र चार दिशांनी येतात. वाळूत लोहाचा अंश असेल तर काच हिरवट होते. उपाय म्हणून काचकार चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड घालतात. या धंद्यात त्याला 'काचेचा साबण' म्हणतात. पण हा साबण अधिक झाला की काचेला जांभळी छटा येते. मँगनीज घातलेल्या काही जुन्या बाटल्या वर्षानुवर्षे उन्हात राहून जांभळ्या पडतात, त्यामागे हेच द्रव्य असते.

१२/
रस पुरेसा तापला नाही की त्यातील वायू बाहेर पडत नाहीत आणि बुडबुडे राहतात. वाळूचा कण विरघळला नाही किंवा मुशीचाच कपचा सुटला, तर काचेत खडा दिसतो. मिश्रण नीट एकजीव झाले नाही, तर पाण्यात साखर विरघळताना दिसतात तशा शिरा उमटतात, आणि त्यांतून पाहिले की पलीकडची सरळ रेघ वाकडी भासते.

१३/
चौथा दोष सर्वांत फसवा, कारण तो दिसतच नाही. फुंकलेली काच घाईने थंड केली की तिच्या अंगात ताण कोंडून राहतो. दुकानात ती निर्मळ दिसते. घरी दिवा लावला, काच तापली, की तडा जातो. यासाठी तयार वस्तू तासन्‌तास हळूहळू निववावी लागते. त्याला अनुशीतन म्हणतात. हे काम घाईत सुधारत नाही, आणि नव्या कारखान्यापाशी सर्वांत कमी असतो तो वेळ.

१४/
आता त्या कराराकडे वळू. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने स्वदेशीचा ठराव केला. परदेशी मालापेक्षा देशी मालाला प्राधान्य द्यावे, त्यासाठी काही त्याग करावा लागला तरी चालेल, असा त्याचा आशय होता. हा 'त्याग' म्हणजे काय? जादा किंमत मोजणे, आणि ओबडधोबडपणा सोसणे. आयएसओच्या कितीतरी आधी एका राष्ट्रीय सभेने ग्राहकाला देशी मालाचे दोष पोटात घालण्याची विनंती केली होती.

१५/
या विनंतीला मुदत होती, आणि हीच या इतिहासातील कळीची गोष्ट आहे. देशप्रेमाने पहिली काच विकली जाते. तिला तडा गेल्यावर दुसरी विकत घेताना माणूस काच उजेडाकडे धरून पाहतो. दोष सोसण्याची मुभा शिकण्यासाठी दिलेली सवलत असते. त्या अवधीत शिकणारा शिकला, तर सोसणाऱ्याचा त्याग सार्थकी लागतो. नाहीतर ती निव्वळ सबब ठरते.

१६/
तळेगावने ही सवलत सत्कारणी लावली, असे म्हणता येते, कारण ते केवळ उत्पादनाचे ठिकाण राहिले नाही. तेथे काचकाम शिकवले गेले. फुंकनळी हाताळणारा कारागीर घडवणे, बुडबुडा पाहून भट्टीत काय चुकले ते ओळखणारी नजर तयार करणे, हे तेथील खरे उत्पादन. येथे तयार झालेली माणसे देशातील इतर काच कारखान्यांत पसरली.

१७/
वार्ष्णेय यांनी पुढे संयुक्त प्रांतातील बहजोई येथे कारखाना उभारला; सपाट तक्त्यांच्या काचेसाठी तो नावाजला गेला. इकडे ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कराडजवळ काच कारखाना काढला, त्यावरून त्या जागेचे नावच ओगलेवाडी पडले. त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या घरोघरी लागला. पहिल्या महायुद्धात युरोपातील काच येणे थांबले आणि देशी भट्ट्यांना बाजार मिळाला. ज्यांना तोवर काम येत होते, त्यांनाच त्याचा लाभ घेता आला.

१८/
यानंतर काचेचे शास्त्र झपाट्याने पुढे गेले. १९५९ मध्ये ब्रिटनच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून आरशासारखा सपाट तक्ता बनवण्याची रीत जाहीर केली. १९६८ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीने द्रवस्फटिकांचा पडदा जगापुढे मांडला. या दोन प्रवाहांच्या संगमावर आजचा लॅपटॉप उभा आहे.

१९/
एलसीडी पडद्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे काचेचे दोन पत्रे असतात आणि त्यांच्यामध्ये काही मायक्रॉन जाडीचा द्रवस्फटिकांचा थर. ही फट कोठे किंचित कमी-अधिक झाली, की तेथे उजेड असमान दिसतो. या ढगाळ डागाला जगभरचे अभियंते 'मुरा' म्हणतात. शब्द जपानी आहे, अर्थ असमानता. वार्ष्णेय ज्या देशात काच शिकले, त्याच देशाने पडद्याच्या या दोषाला नाव दिले. ज्याने दोष बारकाईने पाहिला, त्याचा शब्द रूढ झाला.

२०/
आणखी एक गंमत पाहा. काच कमी तापमानात वितळावी म्हणून भट्टीत सोडा घालतात. पडद्यातील सूक्ष्म ट्रान्झिस्टरांना मात्र त्याच सोड्यातील सोडियम घातक ठरते. म्हणून एलसीडीची काच सोड्याविना बनवतात आणि तिला वितळवण्यासाठी कितीतरी अधिक उष्णता लागते. आधीच्या पिढीचा उपाय पुढच्या पिढीचा दोष ठरतो, तो असा.

२१/
अलीकडचा एक प्रसंग सांगणे भाग आहे. वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्पासाठी तळेगाव परिसरातील जागेचा विचार झाला होता. १३ सप्टेंबर २०२२ रोजी सामंजस्य करार झाला तो गुजरात सरकारशी. १.५४ लाख कोटी रुपयांच्या त्या योजनेत सेमीकंडक्टरबरोबर डिस्प्ले निर्मितीचाही समावेश होता. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. राजकीय वाद पुष्कळ झाला. पण ज्या गावात पैशापैशाने काचभट्टी पेटली, त्याच गावाचे नाव ११४ वर्षांनी पडद्याच्या कारखान्यासाठी पुढे आले होते, याची आठवण फारशी कोणी काढली नाही.

२२/
तात्पर्य एवढेच. डाग हा वस्तू कशी बनली याचा पुरावा असतो. बुडबुडा तापमान सांगतो, हिरवी छटा वाळू सांगते, 'मुरा' फटीची जाडी सांगतो. ग्राहक डाग पाहून वस्तू परत करतो. कारागीर डाग पाहून भट्टी दुरुस्त करतो. आपण पहिली नजर उत्तम कमावली आहे. तळेगावने दुसरी नजर कमावण्याचा प्रयत्न केला होता, आणि तोही लोकांच्या एकेका पैशातून.

२३/
जाता जाता दोन कामे. नवा लॅपटॉप घेतला की पहिल्याच दिवशी पडदा पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा व निळा करून तपासा. दोष दिसल्यास छायाचित्र काढा आणि परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी कळवा. आणि घरात आजोबांच्या काळचा कंदील असेल, तर त्याची काच उजेडाकडे धरा. एखादा बुडबुडा दिसला तर पुसू पाहू नका. कोणीतरी तेव्हा शिकत होते, त्याची ती खूण आहे.