शपथ कोणी घ्यायची?

१९ जुलै १९५२ रोजी पाव्हो नुर्मी मशाल घेऊन हेलसिंकीच्या स्टेडियममध्ये धावत आला. उद्‌घाटनाच्या सोहळ्यात खेळाडूंच्या वतीने खिलाडूपणाची शपथ घेण्यात आली. ही प्रथा १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकपासूनची. पंचांनी शपथ घेण्याची पद्धत मात्र १९७२ साली आली.

हा फरक का महत्त्वाचा, ते पाहू. सातारा-सांगलीच्या गावजत्रांत कुस्ती लाल मातीत रंगते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतले. १९४८ साली लंडनला मॅटवर लढून ते सहावे आले. हेलसिंकीत ५७ किलो गटात जपानच्या इशीशी त्यांची लढत बराच वेळ चालली व ते हरले. लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव्हसमोर उभे केले. दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. पण तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तेथे नव्हता, असे सांगतात.

हा नियम उगाच नव्हता. जोराच्या झटापटीत रक्तातील लॅक्टेट वाढते. स्वस्थ बसल्यावर ते निम्म्यावर यायलाच साधारण २० मिनिटे लागतात.

तरीही खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडले.

शाळेच्या स्पर्धांत आपण मुलांकडून शपथ घेतो. पंच आणि संयोजक या नात्याने आम्हा मोठ्यांनीही ती घ्यायला हवी. नियम कागदावर असून भागत नाही. तो वेळेवर बोलून दाखवणारा कोणीतरी मैदानात लागतो.