शौचालयापर्यंतचे अंतर : अमेरिकन नर्सिंग होमच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे छोटे खासगी रुग्णालय. अमेरिकेत मात्र परावलंबी वृद्धांचे दीर्घकालीन निवासस्थान या नावाने ओळखले जाते. १९६५ मध्ये मेडिकेअर व मेडिकेड या योजना आल्यानंतर, विशेषतः मेडिकेडच्या पैशावर, या संस्थांचा मोठा विस्तार झाला. त्यांच्या इतिहासलेखनात खर्च, मालकी व गैरव्यवहार यांची चर्चा भरपूर आढळते. रहिवाशाला वेळेवर शौचालयात नेण्याचा प्रश्न मात्र बहुधा क्षुल्लक मानला गेला.

लघवीवरील ताबा सुटणे हे वार्धक्याचे अटळ लक्षण समजले जाई. त्यामुळे उपायही ठरलेला : डायपर किंवा कॅथेटर. वस्तुतः अनेकांचे मूत्राशय निकामी झालेले नसते. पाय साथ देत नाहीत आणि घंटा वाजवूनही कोणी येत नाही, एवढेच. अशा व्यक्तीचे कपडे ओले झाले, की नोंद तिच्या व्याधीची होते. न आलेल्या मदतनिसाची होत नाही.

१९८० च्या दशकात जॉन श्नेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पद्धत तपासून पाहिली. दिवसा साधारणतः दर दोन तासांनी रहिवाशाकडे जायचे, लघवीला जायचे आहे का असे विचारायचे, होकार मिळताच हात द्यायचा आणि कोरडे राहिल्याबद्दल कौतुक करायचे. यात औषध नव्हतेच. तरीही बऱ्याच रहिवाशांचे ओले होण्याचे प्रमाण घटले. अडचण निराळीच होती : शौचालयात नेऊन आणण्यास डायपर बदलण्यापेक्षा अधिक वेळ लागतो.

१९८६ च्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालानंतर १९८७ मध्ये नर्सिंग होम सुधारणा कायदा झाला. प्रत्येक रहिवाशाचे सर्वांगीण मूल्यमापन, साहाय्यकांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, रोज आठ तास नोंदणीकृत परिचारिका अशा तरतुदी त्यात आल्या. वैद्यकीय गरजेविना कॅथेटर लावू नये, हेही पुढे नियमांत आले. पण साहाय्यक नेमके किती असावेत? तेथे ‘पुरेसे’ या शब्दावर भागवले गेले. आमच्या मते कायद्याची खरी उणीव याच शब्दात आहे.

आकडा यायला २०२४ उजाडले. प्रत्येक रहिवाशामागे रोज ३.४८ तासांची परिचर्या, त्यांपैकी २.४५ तास साहाय्यकांचे. स्नान, भोजन, कपडे, कूस बदलणे आणि शौचालयाच्या सर्व फेऱ्या त्यातच. टेक्सासमधील संघीय न्यायालयाने २०२५ मध्ये ही अट रद्दबातल ठरवली.