फुतोन : निगेच्या शब्दांतून दिसणारा इतिहास

जपानी गृहजीवनातील ‘फुतोन’ या गादीविषयी लिहिणारे तिच्या आकाराचे व घडीचे वर्णन सविस्तर करतात. तिच्या निगेचा विषय मात्र घरकामात जमा करून सोडून देतात. वास्तविक या गादीचा इतिहास तिच्या निगेच्या शब्दांतच अधिक स्पष्टपणे उमटला आहे.

मुळात या शब्दाचा कापसाशी संबंध नव्हता. तो ज्या दोन चिनी लिपिचिन्हांनी लिहिला जाई, त्यांतील पहिल्याचा अर्थ पाणकणीस, दुसऱ्याचा गोल वस्तू. झेन मठांत ध्यानासाठी वापरले जाणारे, पाणकणसाच्या पानांचे गोल आसन म्हणजे फुतोन. पुढे आसनाचे कापूस भरलेले अंथरूण झाले आणि पहिल्या चिन्हाच्या जागी त्याच उच्चाराचे, ‘कापड’ या अर्थाचे चिन्ह रूढ झाले. ‘वाता’ या शब्दाची कथाही अशीच आहे. तो प्रथम रेशमी कोशांपासून काढलेल्या मऊ तंतूंचा वाचक होता. कापसाने ते नाव घेतल्यावर रेशमाला ‘मावाता’, म्हणजे ‘खरा वाता’, असे विशेषण जोडून राहावे लागले.

हा कापूस जपानात सहज रुजला नाही. ‘निहोन कोकी’ या राजकीय इतिवृत्तानुसार इ. स. 799 मध्ये मिकावा प्रांताच्या किनाऱ्यास एक तरुण वाहत आला. त्याच्याजवळ कापसाचे बी होते. तो स्वतःला तेन्जिकुचा, म्हणजे भारताचा, म्हणवीत असे. तेथील चिनी लोकांनी मात्र त्याला कोन्रोन, म्हणजे आग्नेय आशियाकडील, ठरविले. तेव्हा त्याच्या भारतीयत्वाविषयी आपल्याकडे फार अभिमान बाळगण्याचे कारण नाही. दुसऱ्या वर्षी ते बी की, अवाजी, सानुकी इत्यादी प्रांतांत वाटण्यात आले. रात्रभर भिजवून पेरण्याच्या सूचनाही दिल्या गेल्या. परंतु ते पीक टिकले नाही. कापसाची लागवड स्थिरावली ती पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास. त्यानंतरही कापसाची गादी दीर्घकाळ महागच होती. सामान्य कुटुंबे गवत-पेंढ्यावर निजत.

अशा महाग वस्तूची निगा काटेकोर असणे स्वाभाविक होते. कापसाचा तंतू घाम व हवेतील ओल शोषून घेतो आणि देहभाराने दबतो. म्हणून सकाळी फुतोन उचलून कपाटात ठेवावयाचा, कोरड्या दिवशी दोन्ही अंगांनी ऊन द्यावयाचे आणि दुपारची हवा दमट होण्यापूर्वी आत घ्यावयाचा. जोराने बडवणे मात्र अहितकारक; त्याने तंतू तुटतात. जो आपले अंथरूण कधीच उचलत नाही, त्याच्या अंथरुणाला जपानी भाषेने ‘मान्नेनदोको’, म्हणजे ‘दहा हजार वर्षांची शय्या’, असे नाव दिले आहे. आळसाचा इतका नेमका उपहास क्वचितच आढळेल.

उन्हाने ओल जाते, पण बसलेल्या गाठी सुटत नाहीत. त्यासाठी ‘उचिनाओशी’. ‘उचि’ म्हणजे आघात, ‘नाओशी’ म्हणजे दुरुस्ती. खोळ उसवून कापूस पुन्हा पिंजावयाचा, धूळ होऊन गेलेल्या तंतूंच्या जागी थोडा नवा घालावयाचा आणि गादी पुन्हा भरावयाची. पूर्वी हे काम चीनमधून आलेल्या धनुष्याने होई. आपल्या पिंजाऱ्याची कमान पाहिलेल्यास त्याची रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पुढे यंत्रे आली, परंतु क्रियेचे नाव तेच राहिले.

याच टप्प्यावर मुंबईचा संबंध येतो. 1893 मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पोन युसेन या कंपनीने कोबे-मुंबई जलमार्ग सुरू केला. 1896 मध्ये जपानने कच्च्या कापसावरील आयातकर रद्द केला. स्वस्त परदेशी कापसापुढे तेथील शेतकऱ्याचे पीक टिकले नाही. भारतातील आखूड, जाड धाग्याचा कापूस तलम सुतास अयोग्य म्हणून हिणवला जाई. पण तोच अंगाखालच्या गादीसाठी उत्तम ठरला, कारण त्याची उसळी टिकते व पुन्हा पिंजल्यावर ती परतते. जपानी गादीवाले त्याला ‘देशी’ याच आपल्या शब्दाने ओळखतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टर भरलेल्या गाद्या पसरल्या. त्या हलक्या व स्वस्त असतात. पण कापसाप्रमाणे पिंजून पुन्हा भरता येत नाहीत. त्या दबल्या की टाकून द्याव्या लागतात, आणि त्यांच्याबाबतीत ‘उचिनाओशी’ हा शब्द उच्चारण्याचा प्रसंगच येत नाही.