७६० ची कुळकथा

अकरावीला वायूंचा धडा सुरू झाला की ७६० हा आकडा वहीत शिरतो आणि बारावी सुटेपर्यंत मुक्काम हलवत नाही. १ ॲटमॉस्फिअर म्हणजे पाऱ्याचे ७६० मिलिमीटर. गंमत अशी, की बारामतीत ते ७६० कधी भरतच नाहीत. गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. इथल्या बॅरोमीटरमधला पारा ७१० च्या आसपास घुटमळतो.

आकड्याचं मूळ मात्र विहिरीत आहे, आणि ती अडचण इंदापूरच्या शेतकऱ्याला पाठ आहे. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की काठावरचा पंप नुसता घरघरतो. तो विहिरीत खाली उतरवावा लागतो. कारण पंप पाणी ओढत नसतोच. तो पाइपात पोकळी करतो, पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला तिची ताकद ३४ फुटांची, इथे जेमतेम ३२. फुटव्हॉल्व्ह आणि पाइपातली घट धरली तर पंचविशीच्या आतच.

इटलीतल्या पंपांची हीच रड गॅलिलिओच्या कानावर गेली होती. पाण्याचा स्तंभ स्वतःच्याच वजनानं तुटतो, असं त्याला वाटलं. एवढा मोठा माणूस, पण इथे चुकला. १६४३ मध्ये तोरिचेल्लीनं पाण्याऐवजी १३.६ पट जड पारा घेतला, तेव्हा ३४ फुटांचं काम मीटरभर नळीत उरकलं: पारा ७६ सेंटिमीटरवर थांबला. ‘टॉर’ हे एकक त्याच्याच नावाचं. १६४८ मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्यानं ही नळी फ्रान्समधल्या पुय-द-दोम डोंगरावर नेली. वर पारा उतरला. बारामतीचे ७१० त्याच हिशेबातले.

दाबाच्या एककांतली बाकीची भावंडं गरजेपोटी जन्मली. वाफेच्या यंत्रांनी इंग्रजांचा चौरस इंचाला पौंड आणला, मेट्रिक पद्धतीनं चौरस सेंटिमीटरला किलो. भवानीनगर किंवा माळेगावसारख्या साखर कारखान्यांत अग्निप्रदीपन झालं की बॉयलरचा दाब किलोत मोजतात. पाक उकळायच्या पॅनवर उलटा कारभार: तिथे दाब वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो, म्हणून जुन्या पद्धतीनं व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत सांगतात. पंचवीसेक इंच व्हॅक्यूम असला की पाक साठ अंशांच्या आसपास उकळतो आणि साखर करपत नाही. ही युक्ती एडवर्ड हॉवर्ड या इंग्रजाची, १८१३ ची.

बार हवामानवाल्यांनी रुळवला. पास्कालला एककाचा मान १९७१ मध्ये मिळाला. १९८२ मध्ये आययूपॅकनं प्रमाण दाब १ ॲटमॉस्फिअरवरून १ बारवर आणला, म्हणून शून्य अंशाला एका मोलचं आकारमान एका पुस्तकात २२.४ लिटर, तर दुसऱ्यात २२.७. दोन्ही बरोबर, प्रश्नात दाब कुठला दिलाय तेवढं पाहा.

खरे गुण जातात ते वेगळ्याच जागी. ठिबकच्या फिल्टरवरचा काटा दीड किलो दाखवतो, तो भोवतालच्या हवेच्या वरचा दाब. वायूच्या समीकरणात तो तसाच घालू नका. आधी इथल्या हवेचा ०.९७ किलो मिळवा, मग २.४७ ला ९८.०७ नं गुणा: २४२ किलोपास्काल.